कुठल्या दारात

सकाळी स्कूटर जिन्याखालून बाहेर काढून, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली अडकवून तिने रोजच्यासारखा अंगठा फोनवरून सरकवला, आणि बटण सरकलं नाही. एरवी ते हिरवं असतं. डावीकडून उजवीकडे ढकललं की फोन हातात एकदा थरथरतो आणि दिवस सुरू झाल्याचं अंगाला कळतं. आज ते राखाडी होतं. तिने अंगठा पँटला पुसला, पुन्हा ढकलून पाहिलं, मग फोन बंद करून चालू केला, कारण फोनचं दुखणं कुठलंही असो, पहिलं औषध तेच असतं. चालू झाल्यावर चौकट आली. प्रिय भागीदार, ग्राहकाशी गैरवर्तन केल्याच्या तक्रारीवरून आपला आयडी तात्पुरता थांबवण्यात आला आहे, आम्हाला आपली काळजी आहे. खाली दोन बटणं होती. एकावर लिहिलं होतं, 'मला माझी चूक मान्य आहे'. दुसऱ्यावर, 'अधिक माहिती'. अधिक माहिती दाबली की एक व्हिडिओ लागायचा. त्यात इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस, घामाचा थेंब नाही अंगावर, बंद दारासमोर उभा राहून दाराकडे बघून हसत होता. गैरवर्तन म्हणजे काय हे तो छान समजावून सांगत होता. तिने कुठलं गैरवर्तन केलं, कुणाशी, कधी, एवढं मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

ती स्कूटरवर तशीच बसून राहिली. हेल्मेटच्या आत स्वतःचा श्वास फार मोठा ऐकू येतो, जणू शेजारी कुणी झोपलंय. गैरवर्तन. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला हा शब्द लावतात म्हणजे नेमकं काय लावतात? शाळेत एकदा तास चालू असताना डबा उघडला म्हणून तिला बाकावर उभं केलं होतं, त्यानंतर उभ्या आयुष्यात तिच्या वागण्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. सासूनेही नाही, आणि सासू काही बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हती. पहिल्या क्षणी तिच्या मनात आलं ते अगदी सरळ होतं. चुकलेत हे लोक, दुसऱ्या कुणाचं माझ्यावर आलंय, चोर सोडून संन्याशाला फाशी. पण लगेच तिला कालचा तो चौथ्या मजल्यावरचा माणूस आठवला. त्याने मोबाइलमधून मान वर न काढता 'ठेवा तिथे' म्हटलं होतं, आणि तिने पिशवी जरा जोरात ठेवली होती. पिशवीत अंडी नव्हती, फुटण्यासारखं काही नव्हतं. पण ठेवली होती जोरात. तोच असेल.

आणि एक दार उघडलं की मग पुढची सगळी उघडायला लागतात. अर्धं आयुष्य तिने एका फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत काढलं होतं, लोकांच्या फोटोतले मुरूम आणि डाग घालवत, पापणी मिटली असेल तर दुसऱ्या फोटोतला डोळा आणून तिथे बसवत. आधी बारीक ब्रशने, नंतर संगणकावर. लोक स्वतःचेच फोटो स्वतः काढायला लागले तसा स्टुडिओ बंद पडला, पण चेहऱ्यांची सवय काही गेली नाही. घराचे नंबर ती जिना उतरता उतरता विसरायची, चेहरे राहायचे. आता ते एकेक करून पुढे येऊन उभे राहू लागले, आणि प्रत्येकाची काही ना काही कुरबुर होती. डोक्याला टॉवेल गुंडाळलेली ती बाई, 'इतका उशीर?' म्हणणारी. तिला आपण म्हटलं होतं, 'लिफ्ट बंद आहे आणि पंख फुटायचेत अजून.' हसत म्हटलं होतं. की हसलो आपण नंतर, जिन्यात? रडून डोळे सुजलेली ती मुलगी, तिला 'काय झालं गं?' असं विचारलं होतं. असं विचारणं चालतं का? कुत्र्याला 'हाड' म्हटलं होतं, तेही मालकासमोर. एका आजोबांना पैसे सुटे नाहीत म्हणून पाच मिनिटं ताटकळत ठेवलं होतं. तक्रार कोणाची ते माहीत नाही म्हटल्यावर सगळ्यांचीच झाली. सकाळी निर्दोष असलेली बाई दुपार व्हायच्या आत सराईत गुन्हेगार झाली होती, आणि हे सगळं तिचं तिनेच केलं होतं, कंपनीला बोटही उचलावं लागलं नव्हतं. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला प्रथम राग आला. बरं वाटलं राग आल्यावर. हेल्मेट काढून तिने केस मागे घेतले आणि स्कूटर चालू केली.

मोठ्या गोदामाशेजारी एका बंद पडलेल्या दुकानाची पायरी होती, तिथे सगळे डिलिव्हरीवाले ऑर्डरची वाट बघत बसायचे. साडेचार तिथे होताच. त्याचं खरं नाव त्याच्या घरच्यांना माहीत असेल, इथे तो साडेचार, कारण गेली दोन वर्षं त्याचं रेटिंग साडेचार स्टारच्या वर गेलेलं नव्हतं आणि खालीही आलेलं नव्हतं. 'माझ्यासारखा स्थिर माणूस बँकेतसुद्धा सापडायचा नाही,' असं तोच सांगायचा. तिने फोन त्याच्यापुढे धरला. त्याने तो हातातही घेतला नाही.

"टिक मारा ताई."

"कशाची? मी काय केलंय तेच लिहिलं नाही त्यात."

"नसतंच लिहिलेलं. मान्य म्हणायचं, व्हिडिओ बघायचा, संध्याकाळपर्यंत आयडी चालू. माझ्या अशा दोन झाल्यात. एकात मी दारू पिऊन होतो म्हणे. मी थेंब घेत नाही, पोटात जळजळतं मला." तो पायरीवर पाय लांब करून बसला होता. "तीन झाल्या की आयडी कायमचा जातो. तुमची तर पहिलीच. पहिली म्हणजे गोवर आल्यासारखी, सगळ्यांना येते."

"आणि केलंच नसेल तर?"

"केलं नाही म्हणून कोण विचारतंय? अळीमिळी गुपचिळी. नडायला गेलात ना, तर आहे ते पण जाईल."

त्याच्या आवाजात काळजी होती, म्हणून ती वाद न घालता नुसती शेजारी बसली. पायरी उन्हाने तापली होती. त्याचा फोन वाजला, तो उठला, जाता जाता पुन्हा हाताने हवेत टिक मारून दाखवली. तिने तिचा अंगठा त्या चौकटीवर नेला. काय जाणार होतं? एक स्पर्श. फोटोतला डाग काढायला याहून जास्त वेळ लागायचा. इतकी वर्षं आपण नसलेलं दाखवलं आणि असलेलं पुसलं, पोट त्यावरच भरलं, मग आता एवढं का अडतंय? तिने स्वतःला असं खोदून खोदून विचारलं. उत्तर आलं ते शब्दांत नव्हतं. नवरा गेल्यावर त्याची स्कूटर वर्षभर जिन्याखाली उभी होती, ती विकत घ्यायला माणूस आला त्या दिवशी तिने किल्ली दिली नाही आणि दुसऱ्या दिवसापासून मैदानावर शिकायला गेली, सेहेचाळिसाव्या वर्षी, पोरंटोरं हसत असताना. दोनदा पडली. गुडघ्याला खपली धरली होती आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गेली. किल्ली न देताना छातीत जे घट्ट झालं होतं ते आता पुन्हा झालं होतं, अगदी त्याच जागी. अंगठा तिने मागे घेतला. जे केलंय ते मान्य करीन, पण काय केलंय ते आधी सांगा. तिला स्वतःला ते इतकं साधं, इतकं वाजवी वाटलं की कुणी नाही म्हणणं शक्यच नव्हतं.

मुलीचा फोन दुपारच्या सुमाराला रोज येतो. मुलगी दुसऱ्या शहरात, जावई चांगला, आणि त्यांच्या घरात एक खोली रिकामी. त्या खोलीचं वर्णन तिला तोंडपाठ होतं. पूर्वेची खिडकी, नवे पडदे, बाथरूम लागूनच, रात्री उठावं लागलं तर लांब जायला नको. मुलगी कधी 'ये' असं म्हणायची नाही, ती खोलीबद्दल बोलायची. पडदे लागल्यापासून तिला वाटायचं की ती खोली आपल्यासाठी थांबून आहे, आपण कधी घसरतोय याची वाट बघत. वाईट काहीच नव्हतं त्यात. सकाळी आयता चहा मिळाला असता, कुणी भांडं घासू दिलं नसतं. आणि मग एक दिवस जावयाच्या मित्रांसमोर आपण पदार्थ नेऊन ठेवणार, ते म्हणणार, अहो राहू द्या, तुम्ही बसा, आणि आपण बसणार, तो बसण्याचा पहिला दिवस असेल आणि पुढचे सगळे दिवस तसेच. आज आयडी गेला असं नुसतं कळलं तरी मुलगी रात्रीच्या गाडीत बसेल. म्हणून फोन वाजला तशी ती पायरीवरून उठली, रस्त्याच्या अगदी कडेला जाऊन उभी राहिली आणि एक बस जवळून जाईपर्यंत थांबून मग तिने तो उचलला.

"आई, बाहेर आहेस ना?"

"मग काय घरात? ऐकू येत नाही का गाड्यांचे आवाज?"

"पाणी पीत जा मध्ये मध्ये."

"पिते गं. ठेव, ऑर्डर आलीये."

फोन ठेवल्यावर तिला वाटलं, हे एक खोटं मात्र मी आज खरंच बोलले, याची टिक मागा हवी तर.

कंपनीचं ऑफिस एका इमारतीच्या तळमजल्यावर होतं, मागच्या बाजूला. आत काच, काचेपलीकडे एक माणूस, अलीकडे ओळीने प्लास्टिकच्या खुर्च्या. त्या माणसाच्या मानेला कायम पट्टा असायचा, म्हणून सगळे त्याला पाठीमागे पट्टेवाला म्हणत. खरोखरीचा पट्टेवाला असता तर बरं झालं असतं, निदान निरोप तरी आत नेला असता. मान वळवता येत नसल्यामुळे तो कुणाकडे बघायचं असेल तर खुर्चीसकट वळायचा, आणि त्यामुळे फारसा कुणाकडे बघायचा नाही.

"मॅडम, ॲपमध्ये ऑप्शन दिलाय."

"तो मान्य करण्याचा आहे. मला विचारायचंय."

"काय विचारायचंय?"

"कुठल्या दारात झालं. काय झालं. तेवढं सांगा, मी केलं असेल तर तुमच्यासमोर टिक मारते."

तो खुर्चीसकट वळला. पस्तिशीचा असेल, डोळ्यांखाली काळं. तिच्या हाताला जुनी सवय आठवली, ते काळं जरा उजळ करण्याची. "ग्राहकाची माहिती देता येत नाही," तो म्हणाला. "नियम आहे. तुम्ही उद्या त्यांच्या दारात जाऊन भांडलात तर?"

"नाव नका सांगू. काय केलं ते सांगा."

"ते सांगितलं की कोण ते कळतं ना." हे त्याने इतक्या थकलेल्या, इतक्या बरोबर सुरात सांगितलं की तिला हसू आलं. "हे बघा, पहिलीच आहे तुमची. टिक मारा आणि मोकळ्या व्हा. इथे कुणी वाचतसुद्धा नाही हो. मशीनच लावतं, मशीनच काढतं."

"मग मशीनला सांगा, ही बाई बसलीये म्हणावं."

आणि ती बसली. त्या दिवशी काचेचं दार बंद होईपर्यंत बसली, दुसऱ्या दिवशी उघडायच्या आधी येऊन उभी राहिली. डिलिव्हरीची मोठी चौकोनी पिशवी ती रोज बरोबर आणायची, रिकामी, कारण बिल्डिंगमधल्या बायका बघतात. दुपारी मुलीचा फोन आला की रस्त्यावर जाऊन गाड्या ऐकवून परत यायची. सुरुवातीला खुर्चीवर बसल्या बसल्या दारं उघडणं चालूच होतं. काही दारं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा उघडली आणि दरवेळी आपण आधीपेक्षा वाईट बोललेलो निघालो. पण बसून बसून एक गोष्ट बदलली. आपण निर्दोष निघावं असं वाटणं संपलं. केलं असेल तर असेल. माणूस दिवसाला इतक्या दारांत उभा राहतो, कधी तोंडून जाणारच. त्याची लाज होती तेवढी तिने एकदाची वाटून घेतली, आणि उरला तो फक्त प्रश्न, कुठल्या दारात? तो मात्र कमी होत नव्हता. सगळ्यांना सगळं मान्य करायला लावायचं आणि कुणालाच काही सांगायचं नाही, ही तोंड दाबून बुक्क्यांची मारामारी इतक्या गोड भाषेत चालली होती की एखाद्याला मार बसल्याचंही कळू नये. खुर्चीत येणारे इतर लोक बदलत. उशिरासाठी कापलेले, ऑर्डर नाकारल्या म्हणून थांबवलेले. एक जण ताप असताना लॉग-इन केलं नाही म्हणून आलेला, त्याला अजूनही ताप होता. सगळे टिक मारून जात. जाताना तिच्याकडे बघत, काही जण वेडी म्हणून आणि काही जण जरा वेगळं. साडेचार एकदा चहा घेऊन आला, तिच्या हातात कप दिला आणि म्हणाला, "ताई, तुम्ही उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांशी खाली उभं राहून बोलताय." चहा मात्र त्याने आणला होता, आणि तो पिऊन होईपर्यंत शेजारी बसला, स्वतःची एक ऑर्डर सोडून.

त्या आठवड्याच्या शेवटी, दुपारी, खुर्च्यांवर दुसरं कुणी नसताना काचेपलीकडून पट्टेवाल्याने तिला हाताने बोलावलं. ती आत गेली. त्याने तिला बसायला सांगितलं, हे नवीनच होतं.

"वरून आलंय तुमचं," तो म्हणाला. "तुम्ही टिक मारली असतीत ना मॅडम, तर त्याच दिवशी मिटलं असतं. तुम्ही सारखं विचारलंत, मी रोज वर लिहिलं, म्हणून कुणीतरी उघडून वाचलं. आणि वाचल्यावर ते म्हणाले, हे साधं गैरवर्तन नाही, मशीनने चुकून तिथे टाकलंय. हे दुसऱ्या कलमात जातं. घरात शिरण्याच्या."

"घरात?"

"आता सांगायला हरकत नाही, सांगावंच लागतं या कलमात." त्याने स्क्रीन थोडा तिच्याकडे फिरवला आणि वाचलं. ऑर्डर मागवली होती एका बाईने, परगावाहून, इथे एकट्या राहणाऱ्या वडिलांसाठी. दारावर बाहेरून कॅमेरा होता, दाराबाहेरचं तेवढंच दाखवणारा. त्यात डिलिव्हरीवाली सामान घेऊन आत जाते आणि बऱ्याच वेळाने रिकाम्या हाताने बाहेर येते. बाईंनी लिहिलं होतं की घरातलं काही गेलेलं नाही. पण मी वडिलांना विचारलं तर ते म्हणतात, कुणी आत आलंच नव्हतं. म्हणजे एक अनोळखी बाई त्यांच्या घरात वावरून गेली आणि त्यांना पत्ताही लागला नाही. यावरून मी काय समजायचं?

इतक्या दिवसांत तिने किती दारं उघडली होती, आणि हे एक तिला आठवलंच नव्हतं. ती शोधत होती ते आवाज चढलेले, पिशव्या आपटलेल्या, लाज वाटण्यासारखे प्रसंग. हा तिने त्यांच्यात ठेवलाच नव्हता. आता तो सगळाच्या सगळा आला. पिठाची मोठी पिशवी होती, वर तेलाचे डबे. दार उघडून उभा असलेला उंच, वाकलेला माणूस, दाढी अर्धवट राहिलेली. त्याने हात पुढे केले, पिशवीखाली नेले आणि थांबला. बोटं मिटत नव्हती. बोटं होती तिथेच राहिली, फळीवर मांडून ठेवल्यासारखी. 'जरा आत ठेवाल का?' त्याने विचारलं होतं, आणि विचारताना दाराच्या वर, त्या कॅमेऱ्याकडे बघितलं होतं, ते तिला तेव्हा कळलं नव्हतं. स्वयंपाकघरात ओट्यावर सगळे डबे उघडे, झाकणं नुसती वर ठेवलेली. नळाच्या चावीला फडकं बांधून त्याची लांब शेपटी केलेली, मनगटाने ओढायला. एक बरणी तेवढी घट्ट बंद होती. 'ही गेल्या वेळच्या मुलाने फार जोर लावून बसवली,' तो म्हणाला होता, 'जोर असला की लोक वापरतात.' तिने ती उघडून दिली. मग तो जरा घुटमळला होता. त्याच्या अंगात सदरा होता, धुतलेला, बटणं सगळी उघडी, आत बनियन. 'संध्याकाळी मुलगी फोनवर बघते मला,' तो म्हणाला, 'बटणं उघडी दिसली की विचारते.' तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली, हात पँटला पुसले आणि खालपासून वरपर्यंत त्याची बटणं लावली. तो छताकडे बघत उभा होता, फोटोला उभं राहतात तसा. गळ्याच्या बटणापाशी त्याचा श्वास तिच्या बोटांना लागला. 'ती वाईट नाही,' तो म्हणाला. 'कळलं की न्यायला येईल. खोली तयार ठेवलीय तिने.' तेव्हा ती काहीतरी म्हणाली होती, काय ते आता आठवेना, बहुतेक काहीच नाही, नुसती मान हलवली असेल. त्यानंतरच्या दोन्ही घरी उशीर झाला म्हणून बोलणी बसली होती, आणि ती मात्र तिला चांगली लक्षात होती.

"मॅडम," तो माणूस म्हणत होता, "हे कलम वाईट आहे. यात टिक नाही, तीनदा वगैरे नाही. एकदा लागलं की आयडी कायमचा जातो, आणि बाकीच्या कंपन्यांनाही कळवतात. पण मी नीट वाचलंय." त्याने आवाज खाली आणला. "घरातल्या माणसाने बोलावलं असेल तर नियम वेगळा. तुम्ही फक्त म्हणा, त्यांनी बोलावलं, यासाठी बोलावलं. मी तसं त्या बाईंना कळवतो. त्या वडिलांना पुन्हा विचारतील, कॅमेरा पुन्हा बघतील, म्हाताऱ्याने कबूल केलं की संपलं. उद्या सकाळी तुमचं बटण हिरवं."

तो खरंच मदत करत होता. मानेच्या पट्ट्यातून जितकं पुढे वाकता येईल तितका वाकला होता. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि तिच्या मनात त्या बाईचा फोन लागला, त्या मुलीचा, ती वाईट नसलेली मुलगी विचारत होती, बाबा, तुम्ही बोलावलं होतं का तिला, कशाला बोलावलं, हात दाखवा बघू, असे नाही, मूठ करून दाखवा. आणि तो माणूस मूठ करायचा प्रयत्न करत होता. सगळं तिथेच होतं, तिच्या तोंडात, एका वाक्यात. खरं वाक्य. ज्या खऱ्यासाठी ती इतके दिवस प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती ते हेच, आणि ते तिचं एकटीचं नव्हतं. तिला संताप आला, कुणाचा ते कळेना, त्या म्हाताऱ्याचाही आला. कुणी आलंच नव्हतं म्हणे. किती सहज म्हणाला असेल. पण मुलीशी तसं सहज कसं म्हणतात हे तिला कुणी शिकवायला नको होतं. संताप आला तसा खाली बसला, आणि खाली छातीत ते घट्ट झालेलं तसंच होतं, जागेवर. आयडी जाईल. ठीक. हात आहेत अजून, मिटतात. स्कूटर आपली आहे, तिच्यावर कुणाची टिक नाही. शाळांची, दवाखान्यांची, धोब्याची, कुणाची तरी पोचवापोचवी असतेच. आणि आज मुलीला फोन आपण करायचा, गाड्यांपासून लांब उभं राहून, आणि सांगायचं, काम गेलंय, दुसरं बघतेय, मी येत नाही. आपल्याला तेवढं सांगता येतं. त्या माणसाला येत नाही, एवढाच फरक, पण तो फार मोठा होता.

"नाही," ती म्हणाली. "त्यांनी बोलावलं नाही."

"नीट आठवा."

"आठवलंय. मीच गेले."

"मॅडम, एकदा मी हे पाठवलं की परत घेता येत नाही."

"पाठवा."

"त्यांना खरंच कळलं नाही, तुम्ही आत गेलेलं?"

"नाही. ते बरोबर सांगतायत. ते पलीकडच्या खोलीत होते. त्यांच्याकडे काही विचारायला जाऊ नका म्हणावं."

त्याने कीबोर्ड पुढे ओढला. दोन-तीन ओळी लिहिल्या आणि थांबला. "इथे कारण मागतंय," तो म्हणाला, स्क्रीनकडे बघतच. "रिकामं सोडलं तर पुढे जात नाही. आत का गेलात, काय लिहू?"

तिने पिशवीचा पट्टा खांद्यावर घेतला आणि उठून उभी राहिली.

"लिहा, दार उघडं होतं."

त्याने तसंच लिहिलं.